मंदार कुठे जेवायचा

तोत्तोरीला निघालात आणि तिकडे जेवायचं कुठे म्हणून मला विचारलंत, तर मी फार उपयोगाची नाही. ओसाकातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी वाळूच्या टेकड्या बघायला निघतं आणि मला फोन येतो, "तुम्ही जाऊन आलात ना? व्हेज काय मिळतं हो?" मी सांगते, स्टेशनाबाहेर भाताचे मुटके मिळतात ते घ्या, आत काय भरलंय ते विचारून घ्या, आणि घरून दशम्या न्या. बस. कारण आम्ही तिथे हिंडायला गेलोच नव्हतो. आम्हाला एकच खानावळ हवी होती, आणि तिचं नाव आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते. माझा नवरा अविनाश ओसाकात एका बँकेच्या प्रोजेक्टवर आहे. पुण्या-मुंबईहून इंजिनियर विमानं भरभरून जपानात यायला लागले, त्या लाटेत आम्हीही आलो. पण आमच्या घरातून पहिला आला तो माझा धाकटा दीर, मंदार. बाकीच्यांना टोकियो, ओसाका मिळालं आणि त्याच्या वाट्याला आलं तोत्तोरी. तिथल्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर करायचं होतं. वर्षभर तो तिथे एकटा राहिला. मग सुट्टीवर पुण्याला आला आणि महिनाही झाला नसेल, एका सकाळी दात घासता घासता कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं की ही जन्मापासूनची कमजोरी होती, तो कुठेही असता तरी हे झालंच असतं. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. आईंनी केलं नाही.

त्याला कारण होतं. मंदार जपानला निघाला तेव्हा आईंनी त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "काही झालं तरी मासमच्छी तोंडात घालणार नाहीस. माझी शपथ आहे." आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी अंडंसुद्धा आणलेलं नाही. मंदारनं हसत शपथ घेतली. वर्षानं परतला तेव्हा त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. आईंनी विमानतळावर त्याला पोटाशी धरलं आणि दचकून हात काढून घेतला, ते मी स्वतः पाहिलं आहे.

तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं. पोरगं उपाशी राहिलं. माझ्या शपथेपायी गेलं. कुणी समजूत घालायला लागलं की म्हणायच्या, "तुम्हाला काय माहीत? तुम्ही होतात तिथे?"

दीड वर्षानं त्या आमच्याकडे ओसाकाला आल्या. बॅग उघडायच्या आधी म्हणाल्या, "सुजाता, मंदार जेवायचा तिथे मला ने." अवि वैतागला. त्याच्या ऑफिसात नेमकी नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती, आणि तशीही त्याला ती जागा बघायची नव्हती. "आई, काय आहे तिथे आता?" तो म्हणाला.

"तो काय खायचा ते बघायचंय मला," त्या म्हणाल्या. मग मीच निघाले. मला जपानी बऱ्यापैकी येतं, बेकरीत अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी करते, त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जीभ वळली आहे.

वाळू

जपानात वाळवंट आहे म्हटलं की लोक हसतात. खरं तर ते वाळवंट नाहीच, समुद्रानं आणि वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत. पण बसमधून उतरून पहिल्या चढावर पाय घोट्यापर्यंत रुतला की माणूस मुकाट्यानं वाळवंट म्हणायला लागतो. समोर नुसती पिवळी-करडी वाळू, तिच्यावर मुंगीएवढी माणसं, आणि चढ संपला की पलीकडे एकदम समुद्र. मंदार फोनवर म्हणायचा, "आई, इथे राजस्थान आणि कोकण शेजारी शेजारी राहतात." मी रत्नागिरीची, मला ते अगदी पटलं.

तिथे उंटही आहेत. पर्यटकांना पाठीवर बसवून फोटो काढून देतात. आई एका उंटासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"याला कुठून आणला असेल गं?"

"काय माहीत. परदेशातूनच असेल."

"इथे थंडीत बर्फ पडतो ना? मंदार सांगायचा. कसा राहत असेल बिचारा," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर घट्ट आवळून घेतला. त्यांच्या पायात मोजे आणि वर चपला होत्या, मोज्यांत वाळू भरली होती. मी बूट घाला म्हणून घसा कोरडा केला होता. ऐकतील तर शपथ! म्हणजे, हा शब्द त्या दिवशी मी तोंडातच गिळला.

ऑक्टोबर संपत आला होता. टेकड्यांच्या पाठीमागे वाळूतच शेतं आहेत आणि त्यांत जांभळ्या फुलांचे ताटवेच्या ताटवे फुललेले होते. ही राक्क्योची फुलं. राक्क्यो म्हणजे लसणाच्या आणि कांद्याच्या नात्यातला एक इवलासा कंद, त्याचं आंबटगोड लोणचं करतात. त्या गावात घरोघरी करी-राइस खातात आणि बाजूला हे लोणचं असतंच. आपल्याकडे पिठल्याशेजारी कांदा असतो ना, तसं. आई म्हणाल्या, "वाळूतसुद्धा उगवतं म्हणजे." एवढंच बोलल्या आणि फुलांकडे बघत शेताच्या कडेनं चालत राहिल्या.

हामासाका

मंदारनं फोनवर सांगितलेल्या खुणा आईंना पाठ होत्या. वाळूकडून शहराकडे येताना उतार लागतो, तिथे वस्ती आहे, पोस्टाच्या मागच्या गल्लीत एक आजीबाई खानावळ चालवते, तिथे मी रोज जेवतो. काय जेवतोस, असं विचारलं की मात्र गडी म्हणायचा, "सगळं छान असतं गं. तू काय खाल्लंस ते सांग." हे "सगळं छान" आईंच्या काळजात रुतून बसलं होतं. त्यांच्या मते जो पोटभर जेवतो तो पदार्थाचं नाव सांगतो.

हामासाका हे त्या वस्तीचं नाव. इतकी शांत वस्ती मी जन्मात पाहिली नव्हती. भर दुपारी चिटपाखरू नाही. काळ्या कौलांची घरं, अंगणात पर्सिमनची झाडं, पानं गळलेली आणि नारिंगी फळं तशीच लटकलेली. कचऱ्याच्या पिशव्या जाळीखाली नीट झाकलेल्या, कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून. आपल्याकडे अशा वेळी निदान एक प्रेशर कुकर तरी शिट्टी देतो. इथे आमच्याच पावलांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"कुणाशी बोलत असेल गं हा?" आई म्हणाल्या.

भुकेनं जीव कासावीस झाला तेव्हा आम्ही मोठ्या रस्त्यावरच्या एका कॉफीच्या दुकानात शिरलो. मी तीन-तीनदा बजावून सांगितलं, मांस नको, मासे नकोत. मुलगी गोड हसली, वाकली, आणि भाज्यांचं सँडविच घेऊन आली. त्यात हॅम! मी भडकले. ती बिचारी गोंधळून म्हणाली, अगदी पातळ कापलंय हो. मंदारनं वर्षभर हे कसं निभावलं असेल, हा विचार माझ्याही मनात पहिल्यांदा तेव्हा आला. आईंनी पिशवीतून दशमी काढली, वर मेतकूट भुरभुरलं, अर्धी मला दिली. त्यांनी स्वतः दोन घास खाल्ले आणि उरलेलं पुन्हा कागदात गुंडाळलं. दीड वर्ष त्या असंच जेवत होत्या.

पोस्ट सापडलं. मागची गल्लीही सापडली. पण तिथे जी एक खानावळ होती तिचा दरवाजा बंद होता. शेजारच्या घरापुढे एक बाई झाडत होत्या, त्या म्हणाल्या, आज साप्ताहिक सुट्टी, उद्या अकराला उघडेल. आणि मग आईंकडे, त्यांच्या साडीकडे, निरखून बघत म्हणाल्या, "इंदोचं का? पूर्वी इथे एक इंदोचा मुलगा येत असे. उंच."

इंदो म्हणजे भारत. मी आईंना सांगितलं. आई रस्त्यातच खाली बसल्या.

निळा पडदा

दुसऱ्या दिवशी दारावर निळा कापडी पडदा लागला होता. जपानात हा पडदा लागला की दुकान उघडलं असं समजतात. आत एक लांब लाकडी फळी, तिच्यापुढे स्टुलं, कोपऱ्यात दोन टेबलं, आणि आल्याचा वास. फळीमागे मंदारच्या त्या आजीबाई, नाव हारुए-सान; सान म्हणजे आपलं बाई किंवा राव. वय सत्तरीच्या पुढे असेल, पांढरं एप्रन, डोक्याला रुमाल. आम्हाला बघून त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला.

"मंदा-सान?" त्या म्हणाल्या.

आपल्याकडे मंदा म्हणजे एखादी आत्याबाई! एरवी मी फस्सकन हसले असते. पण त्या बाईंचा चेहरा असा काही उजळला होता की हसू आलंच नाही. "मंदा-सानच्या आई ना? नाक तसंच आहे! कसा आहे तो? लग्न झालं का?"

त्यांना माहीतच नव्हतं. कोण सांगणार? सुट्टीवर जातो म्हणून सांगून गेलेला माणूस. मी हळू आवाजात सांगितलं, तो वारला, पुण्यात, दीड वर्ष झालं. हारुए-साननी गॅस बंद केला. एप्रन सोडलं, घडी करून ठेवलं, फळीमागून बाहेर आल्या आणि आईंसमोर जमिनीवर गुडघे टेकून कपाळ खाली लावलं.

"अहो, हे काय? उठा. उठा बघू," आई मराठीत म्हणाल्या आणि त्यांचे खांदे धरून उठवायला लागल्या. दोघींनाही उठताना त्रास झाला. मी दोघींना धरून टेबलापाशी बसवलं.

थोड्या वेळानं आई म्हणाल्या, "विचार त्यांना. तो काय जेवायचा?"

मी विचारलं. हारुए-सान डोळे पुसत सांगायला लागल्या. त्या म्हणाल्या, सुरुवातीला तो नुसता भात आणि राक्क्योचं लोणचं खायचा. आईला वचन दिलंय म्हणायचा. बरेच दिवस मी बघत होते. मग थंडी पडली, तो खोकायला लागला, तेव्हा मी त्याच्यापुढे साबा ठेवला, मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात शिजवलेला. म्हटलं, मुलानं जेवावं एवढंच कुठल्याही आईला हवं असतं, खा. त्यानं खाल्ला. मग रोजच खायला लागला. साबा, कोंबडी घातलेली करी, हिवाळ्यात खेकड्याचं सूप. भात दोनदा घ्यायचा.

साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊ. मी हे सगळं ऐकत होते आणि शेजारी आई माझ्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. आता यांना कसं सांगू? माझं माहेर मासे खाणारं. या घरात लग्न करून आले तेव्हा आईंनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट मागितली होती, आणि मी मासे सोडले. अगदी ओसाकात, समुद्राच्या काठावर राहूनही घरात आणले नाहीत. त्याच आईंना सांगायचं की तुमच्या मेलेल्या मुलानं तुमची शपथ मोडली? माझ्यानं होईना.

"भात आणि लोणचं खायचा म्हणतात," मी म्हणाले. "भाज्या असायच्या. शेवटपर्यंत शपथ पाळली हो त्यानं."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. निदान अभिमान वाटेल.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते ना? भात आणि लोणचं. वर्षभर. बर्फात." मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हाताचा तळवा दाण्‌कन मारून घेतला. "मीच मारला गं त्याला. मीच मारला."

मी त्यांचा हात धरला. "आई, नाही, थांबा. मी खोटं बोलले. तो मासे खायचा. सगळं खायचा. कोंबडी, खेकडे, सगळं. दोनदा भात घ्यायचा. खरं सांगते."

"आता माझ्या समाधानासाठी काहीतरी सांगू नकोस."

"तुमची शप..." पुन्हा तोच शब्द! मी जीभ चावली. माझ्या दोन्ही बोलण्यांतलं कुठलं खरं मानायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि मला दुसरा साक्षीदारही नव्हता. हारुए-सान घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा आईंकडे बघत होत्या. मी काय घोळ घातलाय ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. उठून आत गेल्या आणि भाताचा खोल वाडगा आणि एक रिकामी ताटली घेऊन आल्या.

त्यांनी भात ताटलीत उलटा केला. मग आईंकडे बघत हातानं जेवल्याची खूण केली. गिऱ्हाइकं नसली की तो चॉपस्टिक्स बाजूला ठेवायचा, त्या मला म्हणाल्या, हातानं खाऊ का म्हणून विचारायचा. आणि मग असं करायचा. त्यांनी आपली बोटं भाताच्या ढिगात खुपसली, मधोमध गोल फिरवून खळगा केला, कडा बोटांनी दाबून नीट वर उचलल्या, आणि दुसऱ्या हातानं त्यात माशाचं कालवण ओतल्याचं दाखवलं. कडा फुटून थेंब जरी बाहेर गेला तरी त्याला चालायचं नाही म्हणाल्या.

आईंनी त्या ताटलीकडे पाहिलं.

"आळं," त्या म्हणाल्या. "आळं करायचा गं तो! वरणासाठी. लहान असल्यापासून. फुटलं की भोकाड पसरायचा." त्यांनी भातातला तो खळगा बोटानं नुसता शिवला. "म्हणजे तो इथे... त्या माशांचं..."

"हो, आई."

"पोटभर?"

मी विचारलं. हारुए-साननी दोन्ही हातांनी पोट फुगल्याची खूण केली. आईंना एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या, मोठ्यानं, लहान मुलासारख्या. मंदार गेल्यापासून मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "मोडलीस ना रे शपथ? बरं केलंस. बरं केलंस माझ्या राजा," असं म्हणत होत्या.

"मग वाळला कसा?" जरा वेळानं त्यांनी विचारलं. काम, हारुए-सान म्हणाल्या. शेवटी शेवटी फार काम होतं, दुकान बंद व्हायच्या वेळेला यायचा, पण न जेवता कधी गेला नाही. आणि मग मान खाली घालून त्या पुटपुटल्या की त्याला वचन मोडायला मी भाग पाडलं, आईला सांगू नका असं तो म्हणाला होता, मला क्षमा करा.

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आता एक अक्षरही इकडचं तिकडे करायची माझी हिंमत नव्हती.

"क्षमा कसली?" आई म्हणाल्या. "सांग त्यांना, मी नव्हते तिथे तुम्ही होतात. माझ्या लेकराला जेवायला घातलंत. अन्नदाता सुखी भव." हे मला काही जपानीत नीट सांगता आलं नाही. पण आईंनी हात जोडले होते आणि हारुए-साननीही जोडले, तेव्हा त्याची गरजही नव्हती.

मग हारुए-साननी एप्रन पुन्हा बांधलं. आईंसाठी भात, राक्क्यो आणि नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडलेला भोपळा आला. माझ्यासाठीही तेच येत होतं. आईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"हिला तो मासा द्या," त्या सरळ मराठीत म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "सांग ना त्यांना. मंदारला द्यायच्या तोच."

"आई, अहो नको. मी नाही खात आता."

"माझ्यापायी नाही खात. मला का माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "खा. मला बघू दे."

साबा आला. दाट, तपकिरी मिसोमध्ये, वर आल्याचे बारीक काप. वास नाकात गेला आणि माझ्या आईचं रत्नागिरीचं स्वयंपाकघर समोर उभं राहिलं. इतक्या वर्षांनी, सासूसमोर, मासा! माझा हातच पुढे जाईना. चॉपस्टिक्स एकदा उचलल्या आणि पुन्हा ठेवल्या. आईंनी स्वतःच्या ताटातला भात कालवला होता, एक मोठा घास तोंडात घातला होता आणि तो चावत त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या पुढ्यातला भात अर्ध्याहून जास्त संपला होता. माझा चेहरा बघून त्यांनी डावा हात पुढे केला, ज्या हातानं त्यांनी आयुष्यात माशाच्या भांड्यालाही स्पर्श केला नव्हता त्या हातानं ती बशी माझ्या अगदी जवळ सरकवली.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "काटे बघून खा."